पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं आयुष्य नक्की कशावर ठरतं? (आणि काकांच्या हातात काय आहे?)

धायरीकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमचे थोरले काका, अण्णाकाका, १९५४ ला नेव्हीत भरती झाले आणि पहिली बरीच वर्षं कोचीला आयएनएस गरुड या नेव्हीच्या हवाई तळावर विमानांच्या मेंटेनन्सला होते. दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या महिन्यात नारायण पेठेतला वाडा रिकामा करताना माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली आणि तिच्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो. सिमेंटच्या उतारावर एक बुटकं दोन इंजिनांचं विमान उभंय, पोट अगदी होडीसारखं, पंखांखाली दोन तरंगे. काका हाफ पँटमध्ये, अंगावर बनियन, पायाशी बादली, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत बाटलीच्या बुचासारखं काहीतरी धरलंय, ते मुद्दाम कॅमेऱ्याला दाखवतायत असं वाटतं. मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, "कोची, १९५७. आमचं सीलँड."

दिवाळीत गोव्याला गेलो तेव्हा बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नेव्हीच्या म्युझियममध्ये हेच विमान उभं दिसलं. मी तिथे अर्धा तास त्याच्या पोटाखालून वाकून बघत होतो, मुलं कंटाळून बाहेर जाऊन बसली.

आता माझे प्रश्न. काका कायम म्हणायचे की आमची निम्मी नोकरी विमान धुण्यात गेली. आम्हाला वाटायचं सगळ्याच विमानांना धुतात, त्यात काय एवढं. पण मग वाचायला लागलो तर कळलं की अमेरिकेचं कॅटालिना हे असलंच विमान १९३५ ला पहिल्यांदा उडालं आणि ब्राझीलच्या हवाई दलात ते १९८२ पर्यंत चालू होतं, आणि दुसरीकडे काही विमानं दहा-पंधरा वर्षांत भंगारात गेली. मग असल्या विमानाचं आयुष्य ठरतं कशावर, उडलेल्या तासांवर, समुद्रावर, की पैशावर? आणि आपल्या नेव्हीची सुरुवातच जर अशा विमानाने झाली तर नंतर ती दिसेनाशी का झाली? आणि हो, काकांच्या हातात ते काय आहे? कोणाला अंदाज असेल तर प्लीज सांगा, काकू रोज विचारतायत.

---

विमाननगरचा_विमानवेडा

वा धायरीकर, फोटो स्कॅन करून ठेवा आधी, असले फोटो फार कमी उरलेत. आयएनएस गरुड ११ मे १९५३ ला सुरू झाला आणि शॉर्ट कंपनीची ही सीलँड म्हणजे आपल्या नौदलाची अगदी पहिली विमानं, दहा घेतली होती. आख्ख्या जगात ही विमानं बनलीच पंचवीसच्या आसपास, त्यातली दहा आपल्याकडे, म्हणजे तुमच्या काकांनी ज्याला ब्रश मारला ती दुर्मिळ चीज आहे.

आता कॅटालिनाबद्दल, कारण त्यावर मी तासन् तास बोलू शकतो. पहिलं उड्डाण २८ मार्च १९३५. सुरुवातीची फक्त पाण्यावर उतरायची, त्यांना किनाऱ्यावर ओढून आणायला माणसं पाण्यात उतरून बाहेरून चाकं लावायची. मग १९३९ मध्ये पीबीवाय-५ए हा कॅटालिनाचा पुढचा प्रकार आला, त्याची चाकं पोटाच्या बाजूला दुमडून आत जायची, म्हणजे धावपट्टीवरून उडा आणि समुद्रावर उतरा किंवा उलट. सगळे प्रकार धरून तीन हजारांवर बनली. आणि टिकली का तर माझ्या मते डिझाइन अतिशय साधं होतं म्हणून. फ्लॅप्स (हळू उडता यावं म्हणून पंखाच्या मागच्या कडेला असतात ती खाली वळणारी पाती) नाहीतच! दोन इंजिनं, प्रत्येकी १२०० हॉर्सपॉवर, आणि ती पंखात इतकी उंच बसवलेली की पाण्याचा फवारा प्रोपेलरवर कमी यायचा. पंख एका खांबावर उभा आणि त्या खांबाच्या आत फ्लाइट इंजिनिअर बसायचा, त्याला छोटीशी खिडकी. पंखाच्या टोकाचे तरंगे हवेत गेल्यावर वर दुमडून पंखाचंच टोक व्हायचे. वेग काय तर ताशी दोनशे किलोमीटर, म्हणजे आपला एक्सप्रेसवेवरचा बेदरकार गाडीवाला जवळपास बरोबरीने जाईल, पण पंधरा-पंधरा, वीस-वीस तास हवेत राहायचं, आत झोपायला बंक आणि स्वैपाकाला शेगडी होती.

अशाच एका कॅटालिनाने २६ मे १९४१ ला अटलांटिकमध्ये बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका शोधून काढली. उत्तर आयर्लंडमधल्या लॉफ अर्न नावाच्या तळ्यावरून उडालं होतं ते.

युद्ध संपल्यावर एवढी विमानं आणि एवढे स्पेअर पार्ट शिल्लक होते की ब्राझीलसारख्या देशांना अॅमेझॉनच्या आतल्या भागात जायला ह्याच्याइतकं स्वस्त काही नव्हतं. तिथे रस्ते नाहीत, धावपट्टी नाही, नदी मात्र सगळीकडे. अमेरिकन नेव्हीने ती १९५७ मध्येच सोडली होती. म्हणजे एकाच विमानाचं आयुष्य एका देशात २० वर्षं आणि दुसऱ्या देशात त्यानंतर अजून २५. त्यामुळे मला वाटतं उत्तर स्पेअर पार्ट हेच आहे.

---

निवृत्त_नाविक

मी दिघीला राहतो, नेव्हीत एअर टेक्निकल ब्रँचला होतो, बरीच वर्षं सी किंग हेलिकॉप्टरवर. सीलँड माझ्या खूप आधीचं, ते मीही म्युझियममध्येच पाहिलं. पण विमानवेडा साहेब, स्पेअर पार्ट महत्त्वाचे हे खरं असलं तरी तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय आणि पुढे निघून गेलात. ब्राझीलमध्ये ती कुठे उतरत होती? नदीत. म्हणजे गोड्या पाण्यात. सगळा फरक तिथे आहे.

धायरीकर, तुमचे काका जे धुण्याबद्दल म्हणायचे ते तंतोतंत खरं आहे आणि ते कंटाळून नाही म्हणायचे, त्याचं महत्त्व माहीत होतं म्हणून म्हणायचे. विमानाचं अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, त्यामुळे लांबून काही दिसत नाही. आधी रंगाखाली बारीक फोड येतो, देवी आल्यासारखा. नखाने दाबला की फुटतो आणि आतून पांढरी पावडर निघते. नंतर पत्र्याचे पापुद्रे सुटायला लागतात, खारीच्या बिस्किटासारखे. आणि जिथे स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममधून जातो तिथे खारं पाणी शिरलं की चक्क बॅटरीच तयार होते, दोन धातू आणि मध्ये मीठ, आणि त्या बॅटरीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं. विमान हँगरमध्ये शांत उभं असतानाही हे चालूच असतं. म्हणून तासांचा हिशोब इथे पुरत नाही. लॉगबुकात तास कमी दिसतील आणि पोटातल्या आधाराच्या पट्ट्या गंजून संपलेल्या असतील.

आमच्या सी किंगचं पोटही होडीसारखंच आहे, वेळ पडली तर पाण्यावर टेकता यावं म्हणून, पण आम्ही मुद्दाम कधी टेकवत नसू. नुसतं पाण्याच्या वर घिरट्या घालून सोनार (आवाजावरून पाणबुडी शोधायचं यंत्र) पाण्यात सोडायचो, तेवढ्यानेही खाऱ्या पाण्याचं धुकं सगळीकडे जायचं. परत आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ, इंजिन फिरवत ठेवून आत पाणी मारून कंप्रेसर वॉश, मग पुसणं, मग पाणी पळवणारं तेल मारणं. एका तळावर उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई होती, टँकर आला नाही म्हणून दोन दिवस धुणं राहिलं. वरचे म्हणाले दोन दिवसांनी काय होतंय. पुढच्या तपासणीत मी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन फ्लोअरबोर्डखाली झोपलो होतो तर एका सांध्यावर ओळीने सगळ्या रिव्हेटांच्या डोक्याभोवती पांढरी रांगोळी. फक्त त्या दोन दिवसांमुळे झालं असं म्हणणार नाही, पण ती ओळ मी अजून विसरलेलो नाही. अख्खा पॅनल बदलावा लागला आणि ते हेलिकॉप्टर कित्येक दिवस जमिनीवर बसलं.

आता हे फक्त धुक्यावर झालं. सीलँड, कॅटालिना ही तर पोटच समुद्राला लावायची. शिवाय पाणी वरून दिसतं तेवढं मऊ नाही. ताशी सव्वाशे किलोमीटरने लाटेवर आपटलं की पाणी काँक्रीटसारखं लागतं, रिव्हेट सैल होतात, शिवणी उघडतात आणि त्या उघडलेल्या शिवणीतून मीठ आत. म्हणजे आपटणं आणि गंज एकमेकांना मदत करतात. कॅटालिनावरची माणसं तर निसटलेल्या रिव्हेटच्या भोकात पेन्सिली ठोकून बसायची.

आणि हे वेळेत कळलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण नागरी विमानाचं आहे पण सांगतो. १९ डिसेंबर २००५, मायामी, चॉक्स कंपनीचं ग्रुमन मॅलार्ड, १९४७ साली बनलेलं पाण्यावर उतरणारं विमान, उडाल्यावर थोड्याच वेळात उजवा पंख तुटून वेगळा झाला, वीसच्या वीस माणसं गेली. चौकशीत निघालं की पंखाच्या आतल्या तुळईला भेग होती. त्या पंखातून इंधन गळायचं आणि गळतंय म्हणून दर वेळी वरून सीलंट लावत होते. गळती हीच भेगेची खूण होती. मी आमच्या पोरांना शिकवताना हे सांगायचो, की बाबांनो, गळती बंद करू नका, गळती का होते ते बघा.

काकांच्या हातातली वस्तू मला फोटो न बघताही माहीत आहे असं वाटतं, पण तुम्ही एकदा स्कॅन टाका मग सांगतो.

---

चाकण_एमआयडीसी

नाविक काकांना मनापासून सलाम, खारीच्या बिस्किटाची उपमा आयुष्यभर लक्षात राहील.

पण मला एक वेगळं म्हणायचंय. ही विमानं संपली ती गंजाने नाही, हेलिकॉप्टरने. समुद्रात माणूस पडला तर त्याला उचलायला पाण्यावर उतरायची गरजच राहिली नाही, वरून दोरी सोडा आणि ओढून घ्या. आणि गस्तीसाठी मोठी, जमिनीवरून उडणारी विमानं आली. आपल्याकडेच बघा ना, आयएल-३८ १९७७ ला आली आणि २०२३ ला निवृत्त झाली, ४६ वर्षं! टीयू-१४२ १९८८ ते २०१७. ती समुद्रावरच उडाली पण समुद्राला कधी टेकली नाहीत. मग कोण कशाला पोट बुडवणारं विमान सांभाळेल, दर वेळी धुवायला वीस माणसं लागत असतील तर. अमेरिकेच्या कोस्ट गार्डनेही पाण्यावर उतरणारं शेवटचं अल्बाट्रॉस विमान १९८३ मध्ये निवृत्त केलं. ग्रीसने मात्र १९९५ पर्यंत चालवलं म्हणे.

---

कर्वेनगरची

चाकण, तुमचं अर्धं पटलं. हेलिकॉप्टर जवळच्या कामाला उत्तम आहे, पण किनाऱ्यापासून हजार किलोमीटरवर कोणी बुडत असेल तर हेलिकॉप्टर तिथे जाऊन परत येऊच शकत नाही, आणि मोठं गस्तीचं विमान वरून फेऱ्या मारून फक्त तराफा टाकू शकतं. जपानने म्हणूनच हा प्रकार सोडला नाही. त्यांचं पीएस-१ १९६७ ला उडालं, पाणबुड्या शोधायला, ते काम फार काही जमलं नाही पण त्याच सांगाड्यावरून बचावाचं यूएस-१ निघालं आणि त्यातलं शेवटचं यूएस-१ए २०१७ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झालं, आणि आता यूएस-२ आहे. २०१३ च्या जूनमध्ये जिरो शिंबो आणि मित्सुहिरो इवामोतो हे दोघं शिडाच्या बोटीने पॅसिफिक ओलांडायला निघाले होते, इवामोतो पूर्ण अंध, बोट बुडाली आणि दोघं तराफ्यावर. किनारा हजाराहून जास्त किलोमीटर लांब. यूएस-२ उधाणलेल्या समुद्रात उतरलं आणि दोघांना घेऊन आलं.

ते उतरू शकतं कारण त्यात चार मुख्य इंजिनांशिवाय एक पाचवं इंजिन आहे, ते फक्त फ्लॅप्सवरून आणि शेपटीवरून जोराने हवा फुंकायला. त्यामुळे ते ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास इतक्या हळू वेगाला हवेत राहतं, तीन मीटरच्या लाटांत उतरतं, आणि नाविक काका म्हणतात तो आपटण्याचा मार वेगाच्या वर्गाने कमी होतो. वेग निम्मा तर मार पाव. म्हणजे ते पाचवं इंजिन विमानाचं आयुष्य पण वाढवतं असं मला वाटतं. आपणही हे विमान घ्यायचं म्हणून कित्येक वर्षं बोलणी केली, बारा घ्यायची होती, किमतीवर अडलं. अंदमान आणि लक्षद्वीप आपले आहेत हे लक्षात घेतलं की मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पण धायरीकर, मला खरं तुमच्या "आयुष्य" या शब्दावर बोलायचंय. आपण सगळे वर्षं मोजतोय. दोन कॅटालिनांचं सांगते, दोन्हींचं आयुष्य एका दिवसात संपलं.

पहिलं आपल्या शेजारचं. ४ एप्रिल १९४२, श्रीलंकेतल्या कोग्गला तळ्यावरून कॅनडाच्या स्क्वाड्रनचं एक कॅटालिना गस्तीला गेलं, वैमानिक लिओनार्ड बर्चल, नुकताच तिथे आलेला. परतायच्या बेतात असताना त्याला क्षितिजावर ठिपके दिसले, जवळ गेला तर अख्खा जपानी आरमारी ताफा. ताशी दोनशेच्या विमानाने जपानच्या झीरो लढाऊ विमानांपुढे पळणं शक्यच नव्हतं. रेडिओवर संदेश जाईपर्यंत उडत राहिले आणि मग पाडले गेले, वाचलेले कैदेत गेले. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा तिथले लोक सावध होते, बंदरातली बरीच जहाजं आधीच हलवलेली होती.

दुसरं, इंडियानापोलिसच्या वेळचं. ही अमेरिकेची क्रूझर, म्हणजे युद्धनौका, ३० जुलै १९४५ ला टॉर्पेडो लागून बुडाली आणि कोणाला पत्ताच नाही. साधारण नऊशे माणसं पाण्यात, शार्क, तहान. चौथ्या दिवशी एका विमानाला योगायोगाने तेलाचा तवंग आणि माणसं दिसली. मग अमेरिकन नेव्हीचा वैमानिक एड्रियन मार्क्स पीबीवाय-५ए कॅटालिना घेऊन आला. खुल्या समुद्रात उतरू नये असा हुकूम होता, आणि तो का होता ते नाविक काकांनी वर सांगितलंच आहे. मार्क्सने वरून बघितलं की एकटी-दुकटी माणसं शार्कच्या तावडीत सापडतायत, त्याने आपल्या माणसांना विचारलं आणि उतरला. आपटत आपटत उतरला, रिव्हेट निघाले, शिवणी उघडल्या, आत पाणी यायला लागलं. आणि मग त्यांनी माणसं आत घ्यायला सुरुवात केली. जागा संपली तेव्हा पंखांवर आडवी झोपवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधली. त्या पंखाचा मागचा भाग कापडाचा असायचा, तो माणसांच्या वजनाने फाटत होता. ५६ जण वाचवले. विमान परत उडणं शक्यच नव्हतं, रात्रभर ते पाण्यावर तरंगत राहिलं, एका छोट्या बोटीसारखं, सेसिल डॉइल हे जहाज येईपर्यंत. माणसं उतरवून झाल्यावर जहाजाने तोफा मारून ते बुडवलं.

एकूण ३१६ जण वाचले. त्यातले ५६ त्या एका विमानात. त्याचं आयुष्य कमी भरलं असं मला म्हणवत नाही.

---

विमाननगरचा_विमानवेडा

कर्वेनगरची, वाचून गप्प झालो.

गोड्या पाण्याचा मुद्दा मान्य, नाविक काका. त्याला अजून एक पुरावा देतो. स्पेनच्या हवाई दलाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाची सीएल-२१५ घेतली, जंगलातल्या आगी विझवायला आणि समुद्रातल्या बचावाला, पिवळी-तांबडी विमानं. त्याच घराण्यातलं पुढचं सीएल-४१५ पाण्यावरून घासत जातं आणि बारा सेकंदात सहा हजार लिटर पाणी उचलतं. ही शक्य तिथे धरणं आणि तळी वापरतात. आपल्याकडे असतं तर खडकवासला, पानशेत, पवना सगळीकडून पाणी उचलता आलं असतं, दर उन्हाळ्यात आपले डोंगर जळताना बघतो तेव्हा हाच विचार येतो.

---

धायरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कर्वेनगरची, तुमचा प्रतिसाद मी काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर म्हणाल्या फोटो फ्रेम करून आण.

आज अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात फोटो मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून घेतला, इथे टाकतोय. मोठा केल्यावर कळलं की बादलीशेजारी जी ताटली आहे तिच्यातही तसलेच तुकडे आहेत, मेटलचे, डोक्याला खाच असलेले. नाविक काका, बघा बरं.

---

निवृत्त_नाविक

जे वाटलं होतं तेच निघालं. ते ड्रेन प्लग आहेत, बुचं म्हणा. होडीसारख्या पोटाचे आत आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात, एकात पाणी शिरलं तरी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून, आणि प्रत्येक कप्प्याला तळाशी एक बूच. विमान उतारावरून वर आलं की पहिलं काम बुचं काढणं, साचलेलं खारं पाणी धार लागून बाहेर पडतं, मग आत गोडं पाणी मारायचं, तेही वाहू द्यायचं आणि वाळायला बुचं काढूनच ठेवायची. आणि पुन्हा पाण्यात सोडण्याआधी सगळी बुचं बसली का ते मोजायचं. एक राहिलं तर विमान वरून ठणठणीत दिसतं आणि हळूहळू पोटात पाणी भरत जातं, मग ते उडत नाही किंवा उडताना नाक खाली जातं. म्हणून बुचं एका माणसाच्या ताब्यात, खिशात टाकायची नाहीत, ताटलीत ओळीने, मोजून. ती ताटली ज्याच्यापाशी असते त्याच्यावर वैमानिकाचा जीव असतो. विशी-बाविशीच्या पोराला ती दिली होती म्हणजे तुमच्या काकांवर वरच्यांचा विश्वास असणार.

ते कॅमेऱ्याला दाखवतायत ते उगाच नाही.

---

धायरीकर

काका, हे वाचून मी पुन्हा फोटो मोठा करून मोजली. ताटलीत सहा आहेत, ओळीने, एका जागी गाळा रिकामा. सातवं त्यांच्या चिमटीत. काकूंना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा मोजली. म्हणाल्या, बरोबर आहेत.